फलप्रधान संगणकभाषा : मौजेखातर कोणती शिकावी?

विद्या मनुष्य दोन कारणांनी संपादन करतो. एक गरजेपोटी आणि दुसरे आवडीपोटी. गरजेची विद्या परीक्षेच्या वेळापत्रकाने बांधलेली असते, तिचे मोल गुणांत व पुढे पगारात मोजले जाते. आवडीची विद्या मात्र रविवारच्या दुपारी, कोणी न सांगता, दिव्याखाली बसून शिकलेली असते; आणि पुष्कळदा तीच आयुष्यभर पुरते. ज्याने लहानपणी हौसेने बासरी वाजविली, तो वादक झाला नाही तरी त्याचा कान तयार झाला, हे कोणीही मान्य करील. हीच गोष्ट संगणकाच्या भाषांसही लागू आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

हल्ली आपल्या शाळेतील वरच्या इयत्तांतील पुष्कळ विद्यार्थी संगणकाची एखादी भाषा शिकू इच्छितात. घरी विचारले की वडील मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हिला नोकरी मिळते काय?" प्रश्न वावगा नाही. धानाच्या एका पिकावर वर्षाचा संसार चालविणाऱ्या घरास असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु या एकाच तराजूत प्रत्येक विद्या तोलली गेली, तर मुलांची जिज्ञासा कोवळ्या वयातच सुकून जाते, आणि मग नोकरीसही तो मुलगा पुरेसा पडत नाही. यास्तव नोकरीचा विचार क्षणभर बाजूस ठेवून, केवळ बुद्धीच्या आनंदासाठी शिकण्याजोग्या ज्या फलप्रधान भाषा आहेत, त्यांची ओळख येथे करून देण्याचे योजिले आहे. शेवटी उपयोगाच्या प्रश्नाकडेही वळू.

फलप्रधान म्हणजे काय?

गणितात ज्यास इंग्रजीत फंक्शन म्हणतात त्यास मराठीत 'फल' असा सुंदर शब्द आहे. एक संख्या आत घालावी, ठरलेल्या नियमाने दुसरी बाहेर यावी, यास फल म्हणावे. भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. ओतकाम करणाऱ्या कारागिराचा साचा डोळ्यांपुढे आणा. त्याच साच्यात तोच रस ओतला की तेच भांडे निघते. काल काय ओतले होते याची साच्यास आठवण नसते, आणि उद्या काय ओतणार याची त्यास चिंता नसते. गणितातील फल अगदी असेच असते. तीनचा वर्ग आज नऊ आहे, उद्याही नऊच राहील.

संगणकाच्या बहुतेक प्रचलित भाषा मात्र आज्ञाप्रधान आहेत. त्यांत आपण यंत्रास एकामागून एक हुकूम देत जातो : अमुक डब्यात पाच ठेव, मग त्यात दोन मिळव, मग तो डबा पुसून त्यात दुसरे काही ठेव. हुकुमांचा क्रम चुकला अथवा मध्येच दुसऱ्या कोणी डब्यातील वस्तू बदलली, की सारा हिशेब बिघडतो. शंभर ओळींच्या आज्ञावलीत हे सांभाळता येते. लाख ओळींच्या आज्ञावलीत कोणत्या क्षणी कोणत्या डब्यात काय होते हे सांगणे चांगल्या चांगल्यांस कठीण जाते.

फलप्रधान भाषेत डबे पुसण्याची पद्धतच नसते, किंवा असली तरी ती अपवाद म्हणून. जुन्या सावकारी वहीचा नियम आठवावा : वहीत खोडाखोड करावयाची नाही, चूक झाली तर नवी नोंद घालावयाची. एकदा लिहिलेली रक्कम तशीच राहते, व तिच्यापासून नवी रक्कम काढली जाते. त्यामुळे कोणत्याही पानावर बोट ठेवून 'ही रक्कम कशी आली' हे विचारता येते व उत्तरही मिळते. फलप्रधान आज्ञावली ही अशी स्वच्छ वही होय.

शिवाय एका फलातून निघालेले उत्तर सरळ दुसऱ्या फलात घालता येते. आपल्या भागातील जुन्या मालगुजारी तलावांत वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावास भरतो, व त्याचा सांडवा त्याच्याही खालच्यास. त्याचप्रमाणे लहान लहान फले एकापुढे एक जोडून मोठे काम उभे राहते.

एक लहानसे उदाहरण घेऊ. तुमसरच्या बाजारात चार पोती धान तोलले. वजने अनुक्रमे ४०, ३७, ४२ व ३८ किलो भरली. प्रत्येक रिकाम्या पोत्याचे वजन एक किलो धरू. निव्वळ धान किती? आज्ञाप्रधान रीतीने आपण 'पहिले पोते घे, एक वजा कर, बेरजेत मिळव, पुढच्या पोत्याकडे जा' असे सांगत बसू. फलप्रधान रीत निराळी आहे. 'एक वजा करणे' हे फल सबंध यादीवर चालवा : ३९, ३६, ४१, ३७ अशी नवी यादी मिळते, आणि जुनी यादी जशीच्या तशी राहते. मग यादी बेरजेने मिटवा : १५३. या पहिल्या क्रियेस मॅप व दुसरीस फोल्ड म्हणतात. आणि निव्वळ ३८ किलो अथवा अधिक भरलेलीच पोती हवी असतील, तर यादी चाळणीतून काढा : ३९ व ४१ उरतात. या चाळणीस फिल्टर म्हणतात. चालविणे, चाळणे व मिटविणे या तीन क्रिया ज्यास नीट समजल्या, त्यास फलप्रधान भाषेचा निम्मा अभ्यास झाला असे समजण्यास हरकत नाही.

ही विचारपद्धती आपणांस परकी नाही

कित्येकांस वाटेल की ही काही विलायती करामत आहे. वस्तुतः हिचे बीज आपल्या प्राचीन गणितात जागोजाग दिसते. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त व्यस्तविधी म्हणून एक रीत आहे. एखाद्या अज्ञात संख्येवर एकामागून एक क्रिया केल्या व शेवटचे उत्तर कळले, तर शेवटाकडून आरंभाकडे उलट क्रिया करीत यावे. समजा, एका संख्येची तिप्पट केली, त्यात चार मिळविले, मग निम्मे केले, तेव्हा अकरा आले. तर अकराची दुप्पट बावीस, त्यांतून चार वजा जाता अठरा, त्याचा तिसरा भाग सहा. हीच मूळ संख्या. फलांची माळ गुंफता येते, व उलट फले उलट क्रमाने गुंफली की माळ सुटते, हाच येथील सिद्धान्त. फलप्रधान भाषेच्या पुस्तकांत हाच 'फलांचे संयोजन' या नावाने भेटतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चंगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात आहे. तेव्हा ही परंपरा महाराष्ट्राच्या भूमीतच रुजलेली आहे.

दुसरे उदाहरण याहूनही प्राचीन आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रश्न येतो : लघु व गुरु अशी दोनच प्रकारची अक्षरे असता, ठराविक अक्षरांच्या चरणाचे एकंदर किती प्रकार होतील? उत्तर म्हणजे जितकी अक्षरे तितक्या वेळा दोनचा गुणाकार. तो लवकर करण्याची युक्ती पिंगलाने दिली आहे. तीच आजच्या फलप्रधान भाषेच्या धाटणीने मराठीत लिहिली तर अशी दिसते :

प्रकार (०) = १
प्रकार (न) = वर्ग (प्रकार (न ÷ २)), न सम असल्यास
प्रकार (न) = २ × प्रकार (न − १), न विषम असल्यास

दहा अक्षरांचा चरण घ्या. दहा सम, म्हणून पाचाचे उत्तर काढून त्याचा वर्ग. पाच विषम, म्हणून चाराच्या उत्तराची दुप्पट. चार सम, म्हणून दोहोंच्या उत्तराचा वर्ग. दोन सम, म्हणून एकाच्या उत्तराचा वर्ग. एक विषम, म्हणून शून्याच्या उत्तराची दुप्पट. आणि शून्याचे उत्तर एक. आता तळापासून वर या : १, २, ४, १६, ३२, १०२४. दहा वेळा गुणण्याऐवजी पाच पायऱ्यांत काम झाले. वरील तीन ओळींत 'प्रकार' या फलाची व्याख्या 'प्रकार' याच फलाच्या साहाय्याने केली आहे, हे चतुर विद्यार्थ्याच्या ध्यानात आले असेल. यास पुनरावर्तन म्हणतात. मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्याच जातीच्या लहान प्रश्नाकडे सोपवावयाचे, आणि सर्वांत लहान प्रश्नाचे उत्तर मात्र स्वतः ठाऊक असावयाचे, एवढेच हिचे रहस्य. यंत्रास 'काय करावे' हे न सांगता 'उत्तर म्हणजे काय' हे सांगणे, यात जी एक निर्मळ मौज आहे ती अनुभवल्याशिवाय कळावयाची नाही.

थोडा इतिहास

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील गणिती अलोंझो चर्च याने फलांचाच विचार करणारे एक शास्त्र रचले. त्यास लॅम्डा कॅल्क्युलस म्हणतात. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हतेच. पुढे १९५८ साली जॉन मॅकार्थी याने या कल्पनांचा आधार घेऊन लिस्प ही भाषा निर्माण केली. आज वापरात असलेल्या भाषांत तिच्याइतके जुने कूळ क्वचितच आढळेल.

१९७७ साली एक मोठी चमत्कारिक गोष्ट घडली. फोर्ट्रान या गाजलेल्या आज्ञाप्रधान भाषेचा जनक जॉन बॅकस यास संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्याने, ज्या पद्धतीने आपणांस कीर्ती दिली तिचेच दोष दाखवून, फलप्रधान पद्धतीचा पुरस्कार केला. स्वतःच्या कृतीकडे असे निर्विकारपणे पाहणे थोड्यांस साधते.

ज्या स्कॉटलंडातून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले व ज्यांच्यामुळे या प्रांतात नव्या शिक्षणाचा पाया पडला, त्याच देशातील एडिंबरा विद्यापीठात १९७० नंतर रॉबिन मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एम.एल. ही भाषा घडविली. प्रत्येक वस्तूचा प्रकार भाषेने आपण होऊन ओळखावा, ही तिची विशेष देणगी. पुढे १९८७ साली निरनिराळ्या देशांतील विद्वानांनी एकत्र येऊन एक समाईक फलप्रधान भाषा रचण्याचे ठरविले, व १९९० साली हॅस्केल भाषेचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी याचे नाव तिला दिले आहे. या आराखड्याच्या कर्त्यांत अरविंद व ऋषियूर निखिल ही दोन भारतीय नावे आहेत, व दोघेही कानपूरच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी होते.

महाराष्ट्रातही या विद्येची उपेक्षा झालेली नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील आर. पी. मोदी यांनी १९९१ साली एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून, नवशिक्यांस सी भाषा प्रथम शिकविण्याच्या रूढीवर कडक टीका केली होती. मुंबईच्या आय.आय.टी.त विद्यार्थ्यांस स्कीम व रॅकेट या फलप्रधान भाषा शिकविण्यात आल्या आहेत. पुण्यात वाढलेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीने आपल्या कामासाठी क्लोजर ही लिस्पच्या कुळातील भाषा पत्करली. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक माधवन मुकुंद व एस. पी. सुरेश यांची हॅस्केलवरील व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या सरकारी साहाय्याने चालणाऱ्या योजनेत घरबसल्या ऐकावयास मिळतात. तेव्हा वैनगंगेच्या काठी बसलेल्या विद्यार्थ्यास ही विद्या अप्राप्य आहे, असे मुळीच नाही.

निवड करताना विचारावयाचे प्रश्न

बाजारात बैल घेताना शेतकरी आधी आपली जमीन पाहतो, मग बैल. तद्वत भाषा निवडण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला, जवळ असलेल्या अथवा शाळेच्या संगणकावर ती विनासायास चालेल काय? दुसरा, तिचे एक तरी चांगले व फुकट मिळणारे पुस्तक आहे काय? तिसरा, चूक झाली असता ती समजेल अशा शब्दांत चूक दाखविते काय? नवशिक्याच्या चुका पुष्कळ होतात. तेव्हा भाषेचा स्वभाव तापट असून चालत नाही. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ती आपणांस नवा विचार करावयास भाग पाडते, की जुन्या सवयी तशाच चालू देते? मौजेसाठी शिकावयाचे तर नवलाई हवीच. पुढे ज्या भाषांचे वर्णन केले आहे त्या सर्व विनामूल्य आहेत, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. कोणत्याही शिकवणीवर्गाची मोठी फी भरण्याचे कारण नाही.

रॅकेट. ही लिस्प व स्कीम यांची वंशज. १९९५ पासून शिक्षणाच्या हेतूने चाललेल्या प्रयत्नांतून ती वाढली, व २०१० साली तिला हे नाव मिळाले. तिच्यासोबत डॉक्टर रॅकेट नावाचे लिहिण्याचे साधन मिळते. ते साध्या संगणकावर चालते, व एकदा बसविल्यावर त्यास इंटरनेटची जरूर राहत नाही. नवशिक्यासाठी तिच्यात मुद्दाम लहान केलेल्या पोटभाषा आहेत; जे शिकलेच नाही त्याचा गोंधळ त्यांत होत नाही, आणि चुकांच्या सूचनाही विद्यार्थ्यास उमजतील अशा असतात. 'हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' हे २००१ साली प्रथम निघालेले तिचे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळते. त्याच्या चार कर्त्यांत श्रीराम कृष्णमूर्ती हे एक आहेत. तिचे व्याकरण इतके अल्प आहे की तासाभरात संपते : कंस उघडा, फलाचे नाव लिहा, आत घालावयाच्या वस्तू लिहा, कंस मिटा. कंसांची गर्दी पाहून आरंभी हसू येते. आठ दिवसांत ते दिसेनासे होतात.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी रॅकेटची आणखी एक खुबी आहे. तिच्यात फलांस व वस्तूंस देवनागरीत नावे देता येतात. 'दुप्पट', 'बेरीज', 'पोते' ही नावे यंत्र बिनतक्रार स्वीकारते. आकडे मात्र इंग्रजी लिपीत लिहावे लागतात. पुढे अभ्यास वाढल्यावर भाषेच्या मूळ शब्दांसही मराठी पर्याय आपले आपणच घडविता येतात. मातृभाषेतून विचार करणाऱ्या मुलास याचे किती साहाय्य होईल, हे निराळे सांगावयास नको.

हॅस्केल. ही सर्वांत शुद्ध व सर्वांत सोवळी. डबा पुसून पुन्हा भरण्याची सामान्य मुभा तिच्यात नाहीच. पडद्यावर एक अक्षर उमटवावयाचे तरी त्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे. पायली आणि रुपये यांची बेरीज करू गेल्यास ती आज्ञावली चालू होण्यापूर्वीच अडवते. आणखी एक गुण असा की ती आळशी आहे. परंतु हा आळस कामचुकाराचा नसून शहाण्या गृहिणीच्या काटकसरीसारखा आहे. जे उत्तर मागितले नाही ते ती काढीतच नाही. त्यामुळे 'सर्व नैसर्गिक संख्यांची यादी' असे खुशाल लिहावे; यादी अनंत असली तरी पहिल्या दहा मागितल्या तर ती दहाच काढून देते. गणिताची गोडी असणाऱ्यास हॅस्केल म्हणजे मेजवानी होय. मात्र तिच्या चुकांच्या सूचना नवशिक्यास दुर्बोध वाटतात, आणि संगणकावर ती बरीच जागा घेते.

ओकॅमल. एम.एल.च्या घराण्यातील ही भाषा फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत वाढली व १९९६ साली सध्याच्या रूपास आली. ती फलप्रधान असूनही व्यवहारी आहे. जरूर पडल्यास आज्ञाप्रधान रीतही चालवून घेते. प्रकार ओळखण्यात ती हॅस्केलइतकीच दक्ष आहे, परंतु आळशी नाही. २०२२ च्या डिसेंबरात तिची जी पाचवी मोठी आवृत्ती निघाली, तीत अनेक कामे एकाच वेळी चालविण्याची सोय झाली. या कामात मद्रासच्या आय.आय.टी.तील संशोधकांचा मोठा वाटा आहे.

एर्लांग व एलिक्सिर. स्वीडनमधील एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग व त्यांच्या सोबत्यांनी एर्लांग रचली. एका वेळी हजारो संभाषणे चालावी आणि एक तुटले तरी दुसऱ्यास धक्का लागू नये, ही तिची प्रतिज्ञा. घरोघरी वापरले जाणारे व्हॉट्सॲप हिच्याच बळावर उभे राहिले. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी विकत घेतली, तेव्हा तिचे ग्राहक चाळीस कोटींहून अधिक होते आणि नोकर साठांहूनही कमी! एलिक्सिर ही त्याच यंत्रणेवर चालणारी, नव्या पेहरावातील तिची धाकटी बहीण. निरोपांची देवाणघेवाण कशी चालते याचे ज्यास कुतूहल आहे, त्याने इकडे वळावे.

क्लोजर. ही २००७ साली रिच हिकी याने लिस्पच्या कुळात आणलेली नवी सून. ती जावाच्या यंत्रणेवर चालते. म्हणून जावाची ओळख आधी असल्यास बरे. नवशिक्यास पहिली भाषा म्हणून तिची शिफारस करता येत नाही.

या सर्वांआधी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ज्यांच्या घरी अथवा कचेरीत एक्सेल वापरतात, ते नकळत फलप्रधान विचारच करीत असतात. एका चौकटीत सूत्र लिहिले की ती दुसऱ्या चौकटींपासून आपले उत्तर काढते. कोणत्या क्रमाने काढावे हे कोणी सांगत नाही. २०२० च्या अखेरीस तर एक्सेलमध्ये चर्चच्या त्या लॅम्डाचेच नाव धारण करणारी सोय आली. म्हणजे कचेरीतील कारकून आणि प्रिन्स्टनचा गणिती एकाच पंक्तीस बसले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

मग निवडावे कोणते?

भीड न धरता सांगावयाचे तर, नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने रॅकेटपासून आरंभ करावा. चारही प्रश्नांस तिची उत्तरे समाधानकारक आहेत. ज्यास बीजगणित व भूमिती यांची विशेष आवड आहे, त्याने सहा महिन्यांनंतर हॅस्केलकडे जावे. ज्यास पुढे आज्ञावली रचण्याचाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याने ओकॅमल अथवा एलिक्सिर घ्यावी. परंतु एक पथ्य कटाक्षाने पाळावे : दर पंधरवड्यास भाषा बदलू नये. दहा ठिकाणी दोन-दोन हात खणणाऱ्यास पाणी लागत नाही. एकाच ठिकाणी वीस हात खणणाऱ्यास लागते. कोणती भाषा श्रेष्ठ याविषयी वाद घालण्यात जो वेळ जातो, त्यात एक भाषा शिकून होते.

अभ्यासाची रीतही थोडक्यात सांगतो. यंत्रापुढे बसण्यापूर्वी कागद घ्यावा. फल कशासाठी हवे ते एका वाक्यात मराठीत लिहावे. मग दोन-तीन उदाहरणे हाताने सोडवून ठेवावी : हे आत घातले तर हे बाहेर यावे. त्यांत एक उदाहरण रिकाम्या यादीचे अथवा शून्याचे असावेच, कारण तेथेच बहुतेक चुका दडून बसतात. त्यानंतर व्याख्या लिहावी, व शेवटी ती उदाहरणांशी ताडून पाहावी. या क्रमाने चालणारा विद्यार्थी सावकाश चालतो, पण त्यास परत फिरावे लागत नाही. आरंभास वर दिलेली तीन कामे करून पाहावी : पोत्यांचा हिशेब, व्यस्तविधीचे उदाहरण व पिंगलाची युक्ती. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी निराश होऊ नये. कागदावर सोडविलेली उदाहरणे आठवड्यातून एक तास शाळेच्या संगणकाच्या खोलीत चालवून पाहिली तरी पुरे. किंबहुना कागदावर अधिक वेळ घालविणाऱ्याची समज बहुधा अधिक पक्की होते.

पालकांस दोन शब्द

या भाषांच्या नावाने निघणाऱ्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. उगाच मोठी आशा दाखविणे सचोटीचे नव्हे. परंतु त्यांतील कल्पना सर्वत्र पसरल्या आहेत. आज ज्या पायथॉन व जावास्क्रिप्ट भाषांस मागणी आहे त्यांत मॅप व फिल्टर ही फले आहेतच; सी-प्लस-प्लस भाषेने २०११ साली व जावाने २०१४ साली लॅम्डाचा स्वीकार केला. मूळ ठिकाणी या कल्पना शिकलेल्या मुलास त्या दुसरीकडे भेटल्या असता जुना स्नेही भेटल्यासारखे वाटते. याहून मोठा लाभ असा की मोठ्या प्रश्नाचे लहान भाग पाडणे, प्रत्येक भागाची व्याख्या नेमक्या शब्दांत करणे, व एकदा मांडलेली गोष्ट चोरून न बदलणे, या सवयी लागतात. त्या गणितात उपयोगी पडतात, निबंधात पडतात, आणि शेतीच्या हिशेबातही पडतात.

अर्थात् शालेय अभ्यास बुडवून हा छंद करावा असे कोणी समजू नये. आठवड्यातून दोन-तीन तास यास पुष्कळ झाले. तेवढा वेळ मुलास मोकळेपणाने द्यावा, आणि 'यातून काय मिळाले' असे न विचारता 'आज काय जमले' असे विचारावे. मुलगा असो वा मुलगी, दोघांसही हा वेळ सारखाच मिळावा, ही विशेष विनंती. कारण घरकामाच्या वाटणीत मुलींची दुपार पुष्कळदा नाहीशी होते.

येशू ख्रिस्ताच्या दाखल्यातील तो चाकर आपणां सर्वांस ठाऊक आहे, ज्याने धन्याने दिलेले द्रव्य हरवेल या भीतीने जमिनीत पुरून ठेवले. त्याने ते उधळले नव्हते, चोरलेही नव्हते; तरी त्यास दोष लागला. बुद्धी हेही असेच सोपविलेले द्रव्य आहे. केवळ परीक्षेपुरती बाहेर काढून पुन्हा पुरून ठेवण्यासाठी ती दिलेली नाही. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत एक वही घ्या, पहिल्या पानावर एक लहानसे फल आपल्या मराठीत लिहा, आणि ते खरे उतरते की नाही हे पाहा. पुढच्या वर्षीच्या अंकात तुमच्यापैकी कोणी तरी त्याविषयी लिहावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.